धाब्यावरचा फौजदार

१४ मार्च १९३७

मडम गेली. रेल्वेच्या साहेबाची बदली झाली, बंगला रिकामा झाला. जाताना मला बोलावून तिने एक टोपली दिली. भुशात पुरलेली अंडी – कोंबडीच्या अंड्याहून चांगली मोठी, वर तपकिरी ठिपके. टर्कीची. तिचे पक्षी खानसाम्याने कापून संपवले, ही तेवढी उरली. म्हणाली, "तुम नर्स है. तुम जिंदा रखेगा."

नर्स जिवंत ठेवते! या नरडाण्याला येऊन मला दुसरं वर्ष. माझ्या हातून किती जगली नि किती गेली ते तिला कुठे ठाऊक.

घेतली टोपली. नाही कसं म्हणायचं. माझी पिवळी कोंबडी कालपासून खुडूक होऊन कोपऱ्यात बसलीय, तिच्याच अंड्यांत ही सरकवून दिली. बघू. पाय सुजलेत. आज दोन बाळंतपणं झाली, दोन्ही सुखरूप.

५ एप्रिल

मी गाढव आहे. पिवळीची स्वतःची पिल्लं बाहेर आली आणि ती त्यांना घेऊन उठली. तिचं काय चुकलं? तिच्या हिशेबाने काम संपलं. टर्कीच्या अंड्याला आठवडाभर जास्त ऊब लागते हे मडमने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. तरी एकाच रवणीत उबवायला घातली. अंडं म्हणजे अंडं, दुसरं काय!

कापसात गुंडाळली, खाली दवाखान्याची रबरी पिशवी गरम पाणी भरून ठेवली. ती दर तासाला गार होते. माझ्याकडे तेवढे तास आहेत कुठे? डोकं धरून परसात बसले होते तर शेजारच्या भिंतीवरून एक लाल कोंबडी पुढे आली, पाय धरलेली. मागे यशोदाबाईंचा हात.

"हाई बसाडा. खुडूक शे."

एवढं बोलून खाली उतरल्या. थँक्यू म्हणायला वेळसुद्धा दिला नाही.

उपकार झाले, पण मला ही बाई आवडत नाही. डिसेंबरात तिच्या सुनेचं मूल गेलं. केसर नाव पोरीचं, विशीचीही नसेल. नववा लागला होता तरी कापूस वेचायला वावरात नेली होती. तिथेच कळा लागल्या. मी पोचले तेव्हा मूल निळं पडलं होतं. आणि ही सासू बाजूला उभी, तोंडातून शब्द नाही. नवऱ्याला एक शब्द नाही. भिंत तरी बरी, तिच्यावर डोकं आपटलं तर आवाज येतो.

१२ एप्रिल

चार निघाली. तीन अंडी कुजकी.

१४ एप्रिल

खात नाहीत. पुढ्यात दाणा आहे, पाणी आहे, आणि हे आपले उभे, पीं पीं करत. उपाशी मरतील पण चोच खाली घालणार नाहीत. असला मूर्ख जीव मी जन्मात पाहिला नाही. खाजाभाई अंडी न्यायला आले होते – स्टेशनवर अंडी-कोंबड्या विकतात, आसपासची सगळी गावं फिरतात. बघून हसले. "बाई, ये तो पीरू है. ये मरने का बहाना ढूंढता है. पानी नको लगने दो, ठंड नको लगने दो. और मुर्गी का एक बच्चा इनके बीच में छोड़ो, उसको देख के खाएंगे."

पिवळीचं एक पिल्लू आणून सोडलं. त्याने टक् टक् सुरू केलं. थोड्या वेळाने एका शहाण्याने त्याच्याकडे पाहून चोच मारली. मग दुसऱ्याने. मी ओट्यावर बसून रडले. का ते मला माहीत नाही. झोप झाली नव्हती म्हणून असेल.

२ मे

आता रोजचं: सकाळी उकडलेलं अंडं कुस्करायचं, त्यात कांद्याची पात अगदी बारीक चिरून, ताकाचा चोथा. दुपारी बाजरीच्या कण्या. संध्याकाळी पुन्हा पात. गावठी कोंबड्यांना उकिरडा पुरतो, या लाटसाहेबांना ताट लागतं. मधे कुणाच्या कळा सुरू झाल्या की हातातली सुरी टाकून पळायचं. परवा बाळंतिणीच्या घरात माझ्या हाताला कांद्याचा वास आला म्हणून म्हातारी नाक मुरडत होती.

१३ मे. आखाजी

गावभर झोके. माहेरवाशिणी आल्यात, कालपासून गाणी चाललीत. शेजारच्या कडुलिंबालाही झोका बांधलाय, पण केसर त्यावर नाही, कारण तिला माहेरी धाडलीच नाही. धरणगाव. गाडीने किती लांब? तिचे सासरे जीवराम आबा म्हणाले म्हणे, "गेल्ती ते चार महिना येस नही." आखाजीलासुद्धा नाही. खानदेशात आखाजीला लेक माहेरी न जाणं म्हणजे दिवाळीला दिवा न लावणं.

दुपारी भिंतीवरून उतरून पिल्लं बघायला आली. एक तिच्या पदरात शिरलं. हसली. डिसेंबरनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिली. मग खाली बघून म्हणाली, "बाई, माले पुन्हा दिन गयेत."

अंग भरायच्या आधी. मी हिशेब केला: डिसेंबर. म्हणजे पुन्हा ऐन वेचणीत.

 

२९ जून

एक पिल्लू गेलं. ओलं झालं होतं. मी तिकडे वावडद्याच्या वस्तीवर अडकले होते.

११ जुलै

आणखी एक. पिवळी हगवण, मान टाकून कोपऱ्यात. खाजाभाई म्हणतात गावठी कोंबड्यांत मिसळू दिलं म्हणून. कोंबडीला काही होत नाही, पण तिच्या पायाखालच्या मातीत असतं ते, आणि याला बाधतं. "मेरे कू पहले पूछने का ना, बाई." पूछने का! मला वाटलं होतं एकत्र वाढले तर बरं, सोबत होईल. उरलेली दोघं आता मागच्या पडवीत, कुडाचा आडोसा करून. दोन ठिकाणी दाणा, दोन ठिकाणी पाणी.

१९ जुलै

मादी गेली. एकटा राहिला.

हा तरी राहू दे. कुणाला म्हणतेय मी हे? देवाला नाही, त्याच्याशी माझं फारसं बोलणं नाही. पण खरं तेच लिहिते. या वर्षी माझ्या हातातून एक तरी जीव मोठा झालेला मला पाहायचाय. लेकरं जन्मतात, मी नाळ कापते, न्हाऊ घालते, निघून येते. पुढे जगलं की गेलं ते बाजारात कुणी भेटलं तर कळतं. हा माझ्यासमोर आहे. हा जगला तर मला दिसेल.

१६ ऑगस्ट

पाऊस. बाळंतपण. बाळंतपण. पाऊस.

५ सप्टेंबर

वाढला! छाती फुगवतो, शेपूट पंख्यासारखी उघडतो, मान लालबुंद, गळ्याखाली लोंबणारी कातडी. उघड्या मानेवर एक पीस नाही. परसातून असा चालतो की सगळ्या गावठी कोंबड्या लायसन दाखवायला उभ्या राहाव्यात. नाव ठेवलं फौजदार. माझ्यामागे दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतो. मी आत गेले की गुळगुळ गुळगुळ करून शिव्या देतो.

गावात अजून कुणी नीट पाहिला नाही. मागच्या पडवीतच असतो. "मडमनी कोंबडी" म्हणतात, तेवढंच.

२१ सप्टेंबर

केसरला तपासलं. सहावा. पाय सुजलेत, रक्त कमी. यशोदाबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: यंदा हिला वेचणीला लावलंत तर मूल जाईल, कदाचित हीही जाईल.

"मना हातमा काय शे, बाई?"

मी म्हटलं, तुमच्या हातात नाही तर कुणाच्या? नवऱ्याला सांगा. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत बसल्या. ती सोडवली, पुन्हा मारली. मी उठून आले. संताप संताप झाला.

२२ सप्टेंबर

स्वतः गेले आबांकडे. खाटेवर बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण तोरा कमी नाही. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हातपाय हालनात म्हणजे बाई मोकळी व्हस. तुमनं पुस्तक तुमनापाशी ऱ्हाऊ द्या." मुलगा हिलाल शेजारी उभा होता. बायको त्याची, पण मान खाली. बापासमोर त्याचं तोंडच नाही.

हा माणूस कुणालाच भीत नाही. माणसाला नाही, देवाला नाही. फक्त मांजर आडवं गेलं तर शिंदखेड्याचा बाजार रद्द करतो, गाडी परत फिरवतो. त्याचं मला हसू यायचं. आज आलं नाही.

९ ऑक्टोबर

आज गंमत. यशोदाबाई भिंतीवरून फौजदाराकडे बघत होत्या, बऱ्याच वेळ. मग म्हणाल्या, "बाई, तुमना हाऊ कोंबडा उडस का?"

मी म्हटलं, उडतो तर! संध्याकाळ झाली की उंच जागा शोधतो. परवा पडवीच्या आढ्यावर जाऊन बसला, मला शिडी लावावी लागली.

"आणि त्याले काय आवडस?"

दाणा, म्हटलं. दाण्यासाठी जीव टाकील. मी त्यांना त्याचा सगळा इतिहास सांगितला – पिशवी, कापूस, त्यांची लाल कोंबडी, सगळं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी त्याची चौकशी केली. बाई वाटते तितकी दगड नाही.

१८ ऑक्टोबर

फौजदाराला नवीन खोड. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर उडी, तिथून थेट आबांच्या धाब्यावर. मातीचं सपाट छप्पर, मोकळं, वारा. त्याला आवडलं असेल. अंधार पडायच्या आत हाका मारून खाली आणते. रोज नवीन काम. आता या वयात मी शिड्या चढते आहे.

२५ ऑक्टोबर

दोन दिवस बाहेरगावी होते. अडलेली बाई, शेवटी दोघंही वाचली. बैलगाडीतून कंबर मोडून घरी आले तर गल्लीत माणसं जमलेली.

जीवराम आबांच्या घरावर गिधाड बसलं!

काल तिन्हीसांजेला. आधी यशोदाबाई ओरडल्या, मग आबांनी अंगणात येऊन वर पाहिलं. काळं, मोठं, मान उघडी. "मी मना डोयांघाई दखं," असं सगळ्यांना सांगत होते. त्या डोळ्यांनी! मग जोशीबुवांना बोलावलं. घरावर गिधाड बसलं की त्याची शांती होईपर्यंत गर्भार बाई त्या छपराखाली ठेवायची नाही – ही इथली रीत. म्हणून केसरला उद्या सकाळच्या गाडीने धरणगावला धाडणार. बाळंतपण होईस्तो परत आणायची नाही.

मी पडवीत गेले. फौजदार आढ्यावर, डोळे मिटून. माझ्या लक्षात सगळं आलं. हसूही आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला. सातव्या महिन्यातली पोर, अंगात रक्त नाही, आणि एका टर्कीपायी तिला घराबाहेर काढताहेत, पांढऱ्या पायाची म्हणून! तिथे धरणगावात तिचं बाळंतपण करणार कोण? इथे निदान मी आहे.

आणि यशोदाबाई! जी बाई त्याला रोज भिंतीवरून बघते तिला तो ओळखू येत नाही? अंधारात चुकली असेल. नाहीतर सुनेचा कंटाळा आला असेल. मला हे दुसरंच खरं वाटतं.

२६ ऑक्टोबर



सकाळी गेले तेव्हा गाडी जुपलेली होती. केसर बोचकं घेऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. अशा वेळी नवं लुगडं कसलं! डोळ्यांत पाणी. मी गाडीच्या पुढे उभी राहिले. आबांना म्हटलं, ते गिधाड नव्हतं, माझा कोंबडा होता; इथे काही भीती नाही, मी आहे. ते ऐकेनात. म्हटलं, या यशोदाबाईंना विचारा, त्यांनी त्याला शंभरदा पाहिलंय.

यशोदाबाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, "माले नही माहीत."

तोंडावर खोटं! मी घरी जाऊन फौजदाराला काखेत धरून घेऊन आले. बायका मागे सरल्या. मान उघडी, लाल – "गिधाडच शे माय" म्हणून एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली. आबांनी डोळे बारीक करून त्याला जवळून पाहिलं आणि म्हणाले, "गिधाड कोनी खात नही. कोंबडा व्हई ते खाई दखाडा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या बाहीचं बटण टोचत होता.

यशोदाबाई पुढे आल्या. माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "कापू नका, बाई. मुका जीव शे. जाऊ द्या तिले. चार दिन ऱ्हाई नि यी." आवाज इतका बारीक की मला एकटीलाच ऐकू आला असेल. मला वाटलं, सुनेला घालवायची किती ही घाई! हात सोडवून घेतला. आबांना म्हटलं, खाऊन दाखवते. पण मग पोरगी इथेच राहील. आणि वेचणीला जाणार नाही. आबा म्हणाले, "बरं."

खाजाभाईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, "पक्का, बाई?" मी मान हलवली, बघितलं नाही.

साफ मीच केला. गळ्याखालची पिशवी दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या दाण्यांनी टच्च भरलेली होती. मी त्याला दादर कधी घातली नाही, बाजरीच घालते. यशोदाबाई तिथेच बसल्या होत्या, त्यांना विचारलं, धाब्यावर दादर वाळत घातली होती का? "हां," म्हणाल्या. ऑक्टोबरात दादर? जुनी किडली असेल, ऊन दाखवलं असेल.

काळा मसाला घालून मोठ्या पातेल्यात रस्सा केला, त्यांच्याच अंगणात, सगळ्यांसमोर. पहिला घास मी खाल्ला. वर पाणी प्यायले. मग हिलालने खाल्लं. मग आबांनी, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. "कोंबडाच शे," म्हणाले. गल्ली हसली. गाडीचे बैल सोडले.

यशोदाबाईंनी बोट लावलं नाही. केसरनेही नाही.

एका खुळ्या समजुतीला आज मूठमाती दिली. त्यापायी जे द्यावं लागलं ते दिलं. पडवीत जाऊन बसले, पाण्याचं भांडं अर्धं भरलेलं होतं. एवढं मी शाळेत असताना आई गेली तेव्हा रडले होते.

२७ ऑक्टोबर

केसर जुन्या लुगड्यात. भिंतीवरून आली नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. वेचणी लागली. स्टेशनच्या रस्त्याने सरकी काढायच्या जिनाकडे कापसाच्या गाड्या चालल्यात. आणि जीवराम आबांच्या वावरात, कमरेला झोळी बांधून, वाकलेली – केसर.

वावरातच भांडले. तुम्ही बरं म्हणाला होतात! आबा बांधावर बसून होते. शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगं ना, बाई, आठे काही भेव नही. मंग आते काय व्हयनं?"

माझंच वाक्य. मी त्यांच्या अंगणात चार माणसांसमोर म्हटलेलं: इथे काही भीती नाही, मी आहे.

यशोदाबाई दोन ओळी पलीकडे वेचत होत्या. आपली झोळी केसरच्या झोळीत रिकामी करत होत्या, आबांचं लक्ष नसताना, म्हणजे तिचं वजन भरावं. माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी केसरचे पाय बघून येते. लोहाचं औषध दिलंय. सूज वाढतेय. हिलालला रस्त्यात गाठून बोलले, तो म्हणाला, "बाले सांगी दखस." बापाला सांगून बघतो. बघितलं नसणार.

पडवी झाडली. पिवळी आणि तिची पिल्लं आता तिथे बसतात. कांद्याची पात चिरायला नको, अंडं कुस्करायला नको. हात मोकळे आहेत, करायला काही नाही. असं मोकळं असण्यापेक्षा दमलेलं बरं.

२३ नोव्हेंबर

केसरला विचारलं, माझ्यावर राग आहे का? "नही, बाई." मग म्हणाली, "मनी माय स्टेसनवर येल व्हती, त्या रोजले."

तिची आई धरणगावच्या स्टेशनावर येऊन उभी होती त्या दिवशी. गाडी आली, लेक उतरली नाही, परत गेली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्रीत निरोप कसा गेला कोण जाणे.

२९ नोव्हेंबर

मला परवा लांबच्या वस्तीवर नेलं. आज सकाळी परत आले.

काल दुपारी वावरात. कापसाच्या ढिगावर. यशोदाबाईंनी एकटीने सोडवली, विळ्याने नाळ कापली. मुलगा होता. थोडा वेळ जगला, रडला सुद्धा म्हणतात.

मी इथे आहे म्हणाले होते. मी इथे नव्हते.

२ डिसेंबर

केसरला ताप. दिवसभर तिच्याजवळ. आज जरा उतरलाय. शुद्धीवर येते, छपराकडे बघते, पुन्हा डोळे मिटते.

यशोदाबाई पायाशी बसून असतात.

६ डिसेंबर

ताप गेला. वाचली.

आबा म्हणाले, दोनदा झालं, ही पोर घराला लाभत नाही, माहेरी नेऊन घाला. म्हणजे आता धाडणार. आता हरकत नाही! बैल जुपले, हिलाल बसला. तिला उचलून गाडीत मी आणि यशोदाबाईंनी ठेवली. जुनंच लुगडं. नवं घ्यायचं का विचारलं तर नको म्हणून मान हलवली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी यशोदाबाई उभ्याच होत्या.

८ डिसेंबर

संध्याकाळी यशोदाबाई आल्या. भिंतीवरून नाही, दारातून. फौजदाराचा रस्सा केलेलं माझं पातेलं घासून आणलं होतं, इतक्या दिवसांनी. ठेवलं, पण निघाल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या.

म्हणाल्या, "दादर मीच टाके, बाई. रोज सकायले नि सांजले, धाबावर. त्याले तठे बसानी सवय लागो म्हणीसन. ह्या घरमा अपशकुनशिवाय कोनंच चालत नही." मग, पदराची गाठ सोडवत, "केसरले सांगेल व्हतं मी. तिनी मायलेबी."

त्या उठल्या. दारातून वळून, राग नाही, काही नाही, नुसतं सांगितल्यासारखं –

"गाडी जुपेल व्हती, बाई."